बारा सेकंद, पंचेचाळीस एकर माती

26 डिसेंबर 2003, शुक्रवार. इराणच्या केरमान प्रांतातल्या बाम शहरात पहाटेचे 5 वाजून 26 मिनिटं झाली होती आणि बहुतेक गाव झोपेत होतं. जोराचा हादरा साधारण बारा सेकंद टिकला. लाखाच्या आसपास वस्तीच्या त्या शहरात आणि परिसरात 26 हजारांच्या वर माणसं गेली. ढोबळ हिशेबाने चौघांतलं एक. पुढचे सगळे आकडे मातीचे आहेत, म्हणून माणसांचा हा आकडा आधी.

शहराला लागूनच आर्ग-ए-बाम हा किल्ला आहे. त्याचं क्षेत्रफळ सुमारे 1,80,000 चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ 45 एकर. भोवती 1,815 मीटर लांबीचा, सहा-सात मीटर उंचीचा तट आणि त्यावर 38 बुरूज. आत बाजार, मशीद, कारवाँसराय, तबेले, शेकडो घरं, आणि टेकाडावर सुभेदाराचा वाडा. यातलं जवळपास सगळंच मातीचं, म्हणजे उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटांचं नाहीतर ओल्या मातीचे थर एकावर एक चढवून उभारलेलं. मातीची जगातली सर्वांत मोठी वास्तू म्हणून तिचा लौकिक होता.

या जागेचा इतिहास दोन हजार वर्षांहून मागे जातो. आपण नुसती दोन हजारच धरू. त्यांचे सेकंद होतात सुमारे 63 अब्ज. त्यातले बारा म्हणजे पाच अब्जांतला एक भाग, आणि तेवढ्यात किल्ल्याचा बहुतांश भाग ढिगारा झाला.

आता ढिगारा केवढा ते बघू. पुढचा हिशेब माझा, कागदावरचा. फक्त बाहेरचा तट घेऊ, तोही कंजूषपणाने: लांबी 1,815 मीटर, उंची सहा, सरासरी जाडी दोन. झाली जवळजवळ 21,800 घनमीटर माती. एक घनमीटर कच्चं बांधकाम 1.7 टनांचं धरलं तर वजन 37 हजार टन. वीट वीस सेंटिमीटर लांब-रुंद आणि पाच सेंटिमीटर जाड मानली, तर मधला गारा सोडून घनमीटरमध्ये चारशेच्या आसपास विटा बसतात. म्हणजे 87 लाख विटा. हा नुसता तट झाला. आतली घरं, घुमट, वाडा यांना अजून हातही लावलेला नाही.

एवढा अवाढव्य भार बारा सेकंदांत कसा कोसळतो? यातला सगळ्यात चक्रावणारा आकडा मला 37 हजारांचा वाटत नाही, 0.98 चा वाटतो. बाममधल्या भूकंपमापकावर उभ्या दिशेचं त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे 0.98 पट नोंदलं गेलं. म्हणजे एका क्षणी भिंतीचं वजन दुप्पट, आणि पुढच्या क्षणी जवळपास शून्य! मातीची भिंत उभी राहते ती बरीचशी स्वतःच्या वजनावर. वरची वीट खालचीला दाबते आणि त्या दाबामुळे जे घर्षण होतं, तेच दोघींना धरून ठेवतं. वजन गेलं की ती पकड सुटते. नेमकं तेव्हाच आडव्या दिशेनेही 0.8 पटीचे हिसके बसत होते.

हे सगळं घडवणारा भ्रंश कुणाच्या नकाशावर नव्हता. बाम भ्रंश माहीत होता, पण सरकला तो त्याच्या पश्चिमेला काही किलोमीटरवर शहराखाली दडलेला दुसराच. एन्व्हिसॅट उपग्रहाची भूकंपाआधीची आणि नंतरची रडारचित्रं ताडून पाहिली तेव्हा तो सापडला. खोलवर दोन मीटरहून जास्त सरकण झाली होती आणि वर जमिनीवर दिसत होत्या किरकोळ भेगा.

तरीही सगळा दोष हादऱ्याला देऊन चालणार नाही. वास्तुसंवर्धनाचे अमेरिकी अभ्यासक रँडॉल्फ लँगनबाख यांनी पडझड पाहून एक अडचणीची गोष्ट मांडली: शतकानुशतकं कुणी न शिवलेल्या काही पडक्या भिंती तशाच उभ्या होत्या, आणि विसाव्या शतकात डागडुजी झालेले भाग मोठ्या प्रमाणावर फुटले होते. 1953 पासून किल्ल्याची दुरुस्ती सुरू झाली आणि 1973 नंतर तिने वेग घेतला. नव्या मातीत काड होता, आणि काड म्हणजे वाळवीला मेजवानी. भिंती बाहेरून गुळगुळीत आणि आतून भुगा. हादऱ्यात आतला भुगा खाली बसला आणि बाहेरचं कवच फुटलं. दोन मीटर जाडीची भिंत दोन मीटरचं काम करत नव्हती.

जाडीचा मुद्दा कॅलिफोर्नियातही तपासला गेलाय. गेट्टी संवर्धन संस्थेने 1990 च्या दशकात मातीच्या इमारतींच्या छोट्या प्रतिकृती कंपनमंचावर हलवून पाहिल्या. निष्कर्ष आकड्यात सांगायचा तर उंची जाडीच्या सहापटीहून कमी असेल, तर तडा गेलेली भिंतही सहसा उलटत नाही. आठपटीच्या वर गेली की धोका. तडा जाणारच, तो रोखायच्या भानगडीत पडू नका, तडकलेले तुकडे पट्ट्यांनी एकमेकांशी बांधून ठेवा, असा त्यांचा सल्ला. पण त्यात एक गृहीत आहे: भिंत आतपर्यंत भिंतच असली पाहिजे.

मराठी वाचकाला इथे किल्लारीचा भूकंप आठवेल. 30 सप्टेंबर 1993, पहाटेचे 3 वाजून 56 मिनिटं. तिथल्या भिंती मातीत रचलेल्या दगडांच्या, चांगल्या जाड, पण आतली आणि बाहेरची बाजू वेगवेगळी, मध्ये सैल भर. दोन्ही बाजूंना आरपार बांधणारे लांब दगड क्वचितच. हादऱ्यात दोन्ही बाजू फाकल्या. वर माळवद, त्यावर पांढऱ्या मातीचा थर. हा थर एक फुटाचा धरला तरी चौरस मीटरला अर्धा टन, म्हणजे तीन बाय चारच्या खोलीत झोपलेल्यांच्या डोक्यावर सहा टन. किल्लारीनंतर 52 गावं नव्या जागी हलवली. बामचा किल्ला कुठे हलवणार?

तो पुन्हा उभा करायचा, असं इराण सरकारने भूकंपानंतर लगेच जाहीर केलं. पण मातीची गंमत अशी की यातलं काहीच हरवलेलं नव्हतं. सगळा कच्चा माल जागेवर पडून होता. दगडी देवळाचे चिरे पडले तर त्यांवर क्रमांक घालता येतात, कोरीवकामावरून कोणता कुठला ते जुळवता येतं. 87 लाख विटांचा भुगा झाला की क्रमांक कशावर घालणार? म्हणून पहिलं मोठं काम फावड्याचं नव्हतं, नोंदींचं होतं: जुनी हवाई छायाचित्रं, मोजणीचे नकाशे, फोटो, आणि त्यांवरून संगणकावर उभा केलेला त्रिमितीय किल्ला. फुटलेल्या भिंतींनी पुरातत्त्ववाल्यांना एक सोयही करून दिली. लिंपणाखाली झाकलेले जुने थर उघडे पडले होते.

2004 मध्ये बाम जागतिक वारसा यादीत आलं आणि त्याच वेळी धोक्यातल्या वारशाच्या यादीतही. दुसऱ्या यादीतून नाव निघायला 2013 उजाडलं. भूकंपापासून मोजलं तर साडेनऊ वर्षं, म्हणजे हादऱ्याच्या एकेका सेकंदामागे साडेनऊ महिने. तेव्हाही किल्ला पूर्ण झालेला नव्हताच. जपान, इटली, फ्रान्स, जर्मनी असे अनेक देश मदतीला होते. किल्ल्यातलं सिस्तानी घर ड्रेस्डेनच्या तांत्रिक विद्यापीठाने नव्याने बांधून दाखवलं. सगळंच उभारायचं नाही, काही भाग पडझडीसकट टिकवायचा, हेही ठरलं, आणि मला ते पटतं. 45 एकर कोरा करकरीत 'प्राचीन' किल्ला पाहायला कोण जाईल?

उभं केलेलं टिकवायचं तर लिंपण आलं. पुन्हा त्याच तटाचा हिशेब: दोन्ही अंगं मिळून जवळजवळ 22 हजार चौरस मीटर. तीन सेंटिमीटरचा एक हात द्यायला साडेसहाशे घनमीटर, म्हणजे अकराशे टन माती कालवायची, आणि ऊन-पावसाने ती झिजली की पुन्हा कालवायची. प्रत्येक वेळी गिलाव्यात काड घालायचा का, हा प्रश्न उरतोच. काड नसेल तर वाळताना लिंपण तडकतं, असेल तर वाळवी येते. विटांसाठी तरी बामकरांना एक उत्तर घरच्या घरी मिळालं: शहराभोवती मैलोन् मैल खजुराच्या बागा आहेत, आणि नव्या विटांच्या मातीत त्या झाडांचे तंतू मिसळून पाहण्यात आले.