आतड्याचा कर्करोग आणि थायरॉईडचा रिपोर्ट

"डॉक्टरसाहेब, आमच्या म्हाताऱ्याला कॅन्सर तर आहेच, आता थायरॉईडही निघाला!" मुंबईच्या टाटा रुग्णालयात किंवा नांदेड-संभाजीनगरला उपचार घेऊन जवळा बाजारला परतलेल्या रुग्णांचे नातेवाईक रिपोर्टचा कागद पुढे करून असे सांगतात, म्हणून आज हा विषय घेतला आहे. थायरॉईड ही गळ्यातील ग्रंथी सर्वांनाच असते. 'निघतो' तो तिच्या कामातील बिघाड. पण मोठ्या आतड्याच्या कर्करोगात रक्तातील थायरॉईडचे संप्रेरक कमी आले, तर ग्रंथी बिघडलीच असे नव्हे.

ही ग्रंथी मुख्यतः टी-४ तयार करते. ते साठवणीचे संप्रेरक. यकृत, मूत्रपिंड वगैरे अवयव त्यापासून टी-३ बनवतात आणि प्रत्यक्ष काम टी-३ करते. शरीरातील सुमारे ८० टक्के टी-३ असे ग्रंथीबाहेर तयार होते. माणूस गंभीर आजारी पडला, अन्न जाईना, मोठे ऑपरेशन झाले की हे काम मंदावते. पाऊस लांबला की घरचा कर्ता खर्चाला हात आखडतो, तसाच हा प्रकार. रिपोर्टात टी-३ कमी, टी-४ बहुधा ठीक आणि टीएसएच नेहमीएवढे किंवा किंचित खाली दिसते. कर्करोग पसरलेल्या रुग्णात हे जास्त आढळते. केमोथेरपीबरोबर उलट्या होऊ नयेत म्हणून देतात त्या स्टिरॉइडनेही हे आकडे तात्पुरते उतरतात.

अशा वेळी थायरॉईडची गोळी देऊन फायदा होतो असे सिद्ध झालेले नाही. गरज नसताना घेतली तर छातीत धडधड, हाताला कंप आणि आधीच उतरलेले वजन आणखी उतरणे, एवढेच पदरी पडते. मूळ आजार आवरला, जेवण सुधारले की टी-३ आपोआप वर येते.

टीएसएच १० च्या वर आणि टी-४ कमी, असे असेल तर गोष्ट वेगळी. तरीही आजारातून उठताना टीएसएच काही दिवस चढते, म्हणून रुग्णाची प्रकृती फार खालावलेली नसेल तर सहा आठवड्यांनी पुन्हा तपासून ठरवलेले बरे. मात्र काही ठराविक आतड्याच्या कर्करोगांत पेम्ब्रोलिझुमॅबसारखे प्रतिकारशक्ती जागवणारे औषध देतात. ते ग्रंथीला खरोखर इजा करू शकते. त्यांच्या टीएसएचकडे दुर्लक्ष नको.

आधीपासून गोळी चालू असेल तर ती बंद करू नये. आतड्यातून रक्त गेल्याने रक्त कमी झालेल्यांना लोहाच्या गोळ्या मिळतात. लोह आणि कॅल्शियम थायरॉईडची गोळी अंगी लागू देत नाहीत, म्हणून दोहोंत चार तासांचे अंतर ठेवावे. सकाळी उपाशीपोटी थायरॉईडची, दुपारी जेवणानंतर लोहाची, हे सोपे पडते.

आता याची दुसरी बाजू, आणि ती मला अधिक काळजीची वाटते. थायरॉईड कमी असेल तर मलावरोध आणि थकवा असतो. आतड्याच्या कर्करोगातही असतो. त्यामुळे "थायरॉईडमुळे होतंय" म्हणून महिने जातात. पण शौचावाटे रक्त पडणे हे थायरॉईडचे लक्षण नव्हे. थायरॉईड कमी असताना वजन सहसा वाढते, ते घटत असेल तर दुसरे कारण शोधावे. रक्त दिसले की आपल्याकडे मूळव्याध ठरलेलीच, आणि ती 'मुळासकट' बरी करणाऱ्यांच्या पाट्या कुठल्या बाजारात नसतात! बार्शीला १९८७ मध्ये सुरू झालेल्या ग्रामीण कर्करोग नोंदणीत हा रोग शहरांपेक्षा कमी आढळला, हे खरे. म्हणून खेड्यात तो होतच नाही असे नाही, आणि आपल्या देशात तो तरुणांतही दिसतो. आपल्याकडे त्यात गुदाशयाच्या कर्करोगाचा वाटा मोठा आहे. त्यातले पुष्कळ डॉक्टरने बोटाने तपासले तरी हाताला लागतात. एक मिनिटाचे काम, पण लाजेपोटी लोक टाळतात, विशेषतः बायामाणसे. वरचे आतडे पाहायला दुर्बीण लागते.

थायरॉईडचे जुने रिपोर्ट फेकू नयेत. तपासणीची तारीख, त्या दिवशी केमो किंवा स्टिरॉइड चालू होते का, हे कागदाच्या मागे लिहून ठेवावे आणि दवाखान्यात येताना सगळे कागद एका पिशवीत घालून आणावेत.