रॉकेलशिवाय ऊब देणारा तंबू

लडाखमधली हिवाळ्याची रात्र. दहा वाजलेत. थंडी अशी, की आदल्याच रात्री पारा उणे 14 अंशांवर उतरला होता. आणि एका तंबूतला तापमापक दाखवतोय 15 अंश! आत शेगडी नाही, हीटर नाही, रॉकेलचा थेंबही जळत नाही. मग ही ऊब आली कुठून?

दुपारच्या उन्हातून!

हा तंबू लडाखचे अभियंते सोनम वांगचुक यांनी 2021 मध्ये आपल्या जवानांसाठी तयार केला. त्यात दहा जण झोपू शकतात. त्याचे भाग सुटे होतात आणि कुठल्याच भागाचं वजन 30 किलोच्या वर नाही, म्हणजे डोंगरावर माणसं ते पाठीवरून नेऊ शकतात.

आता त्यातली गंमत बघा. डिसेंबरात लेहला भरदुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम 33 अंश वर येतो. त्याचे किरण तिरपे येतात, तेही दक्षिणेकडून. म्हणून तंबूची दक्षिणेकडची बाजू पारदर्शक ठेवली, की ऊन थेट आत शिरतं. आत दोन दालनं आहेत: पुढे उन्हाचं, मागे झोपायचं. मधली भिंत दिवसभर उष्णता साठवते आणि रात्री हळूहळू सोडते. बाकीच्या बाजूंना उष्णतारोधक थर आहेत. गोधडी स्वतः कुठे गरम असते? ती फक्त तुमची ऊब बाहेर जाऊ देत नाही. हे थरही तेवढंच करतात.

एवढा खटाटोप कशाला, रॉकेल जाळलं की झालं, असं वाटतंय ना? पण ते रॉकेल तिथे पोचवायचं कसं? हिवाळ्यात बर्फामुळे खिंडी बंद पडतात, म्हणून महिनोन्‌महिने पुरेल एवढं इंधन आधीच साठवून ठेवावं लागतं. सियाचीनच्या उंच ठाण्यांवर तर सामान हेलिकॉप्टरने जातं. म्हणजे इंधन पोचवायलाच इंधन जाळायचं! शिवाय गाड्यांना लागणारं नेहमीचं डिझेल कडाक्याच्या थंडीत घट्ट होतं, कारण त्यातलं मेण गोठतं. त्यासाठी इंडियन ऑइलने 2019 मध्ये लडाखसाठी खास डिझेल आणलं. ते उणे 33 अंशांपर्यंत वाहतं राहतं.

आणि धोका? बंद जागेत रॉकेलची शेगडी, म्हणजे बुखारी, पेटवली आणि प्राणवायू कमी पडला, की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. झोपलेल्या माणसाला तो कळतही नाही. मला वाटतं, रॉकेल वाचवण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे.

पण नुसत्या उबेने भागत नाही. दिवे, वायरलेस, संगणक यांना वीज लागते, तीही रात्री. चुशूल हे लडाखमधलं, सुमारे 4,400 मीटर उंचीवरचं गाव. तिथल्या लष्करी तळासाठी एनटीपीसी या वीज कंपनीने 200 किलोवॅटचा प्रकल्प आखला आहे. दिवसा सौरऊर्जेने पाण्याचं विघटन करून हायड्रोजन साठवायचा, आणि रात्री इंधनघटात त्याचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग घडवून वीज मिळवायची. डिझेलच्या जनरेटरमधून धूर निघतो. या इंधनघटातून काय बाहेर पडतं, ओळखा पाहू?

पाणी!