सुटे पान आणि हरवलेला ग्रंथ : जुन्या इस्लामी हस्तलिखित पानांच्या संग्रहाविषयी

मालाडसारख्या उपनगरात जुनी बैठी घरे व चाळी पाडून तेथे उंच इमारती उभारण्याचा क्रम गेली काही दशके चालू आहे. घर रिकामे करताना माळ्यावरच्या ट्रंका उघडल्या जातात आणि त्यांतील कागद बहुधा रद्दीच्या दुकानात जातात. त्यांत क्वचित घोटीव कागदावर, रंगीत रेघांच्या चौकटीत लिहिलेली अरबी वा फारसी पानेही असू शकतात. एखाद्या विद्यार्थ्याने असे पान महाविद्यालयात आणून दाखविले, तर 'हे किती जुने?' आणि 'याची किंमत किती?' हे दोन प्रश्न लगेच विचारले जातात. 'हे कोणत्या ग्रंथाचे पान, आणि उरलेला ग्रंथ कोठे आहे?' हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. प्रस्तुत लेखाचा विषय हा तिसरा प्रश्न होय.

'इस्लामी हस्तलिखित' ही संज्ञा संग्राहकांच्या व लिलावगृहांच्या व्यवहारात रूढ झालेली असून ती काहीशी फसवी आहे. तिच्यात कुराणाच्या प्रती येतात, त्याचप्रमाणे वैद्यक, ज्योतिष, काव्य आणि कथा यांचे ग्रंथही येतात. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात अकबरकालीन 'अन्वार-इ-सुहैली'ची चित्रित पाने आहेत. या फारसी ग्रंथाचे मूळ 'कलीला व दिम्ना'मार्फत थेट पंचतंत्रापर्यंत पोहोचते. अशा पानाला केवळ लिपीवरून एका धर्माचे ठरविणे कितपत योग्य, याचा विचार व्हावयास हवा.

हस्तलिखिताचे पान ही स्वतंत्र वस्तू नसते. अनेक प्रतींत डाव्या पानाच्या मजकुराचा पहिला शब्द आधीच्या पानाच्या तळाशी तिरका लिहिलेला आढळतो. क्रमांक नसतानाही पानांचा क्रम त्यावरून लागतो. लेखनकाराचे नाव, स्थळ आणि हिजरी सन ही माहिती असलीच तर ती ग्रंथाच्या अखेरीस असते. मालकांच्या मोहरा बहुधा पहिल्या वा शेवटच्या पानावर असतात. म्हणजे मधले पान कितीही देखणे असले, तरी ते आपला जन्म आणि प्रवास स्वतः सांगू शकत नाही. किडीची छिद्रेदेखील पुरावा ठरतात. एकच छिद्र लागोपाठच्या पानांतून आरपार गेलेले असते आणि त्यावरून विखुरलेली पाने पुन्हा जुळविता येतात. चौकटीच्या रेघेत तांब्यापासून केलेला जंगाली हिरवा रंग असेल, तर तो कालांतराने कागद खातो आणि मधला मजकूर चौकटीसह सुटून पडतो. काही पाने अशी आपोआप सुटतात. पुष्कळशी मात्र हेतुपूर्वक कापली जातात.

या कापाकापीमागे साधे गणित आहे. एका ग्रंथाला एकच गिऱ्हाईक मिळते, शंभर चित्रांना शंभर मिळतात. चौदाव्या शतकात इराणात तयार झालेल्या एका भव्य शाहनाम्याची पाने १९१०च्या सुमारास पॅरिसचा व्यापारी जॉर्ज दमोत याने अलग करून विकली. दोन्ही बाजूंस चित्रे असलेली काही पाने तर त्याने जाडीतून चिरून दोन केली. शाह तहमास्पसाठी सोळाव्या शतकात सिद्ध झालेल्या शाहनाम्यात २५८ चित्रे होती. १९५९ मध्ये तो ग्रंथ अमेरिकन संग्राहक आर्थर हॉटन यांच्याकडे आला आणि १९७०च्या दशकापासून त्याची पाने संग्रहालयांत व लिलावांत विखुरली. उरलेला भाग, त्यात ११८ चित्रे, १९९४ साली डी कूनिंग या आधुनिक चित्रकाराच्या एका चित्राच्या बदल्यात इराणला परत गेला. त्याच ग्रंथाचे एक पान २०११ मध्ये लंडनच्या लिलावात सुमारे ७४ लाख पौंडांना विकले गेले. हा आकडा ऐकल्यावर चोरबाजारातल्या विक्रेत्याने कात्री हाती घेतली, तर दोष एकट्या त्याचा कसा म्हणावा?

ग्रंथ अखंड राहिल्याने काय साधते, याचे उत्तम उदाहरण पुण्यात आहे. १९१० साली स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संग्रहात 'तारीफ-इ-हुसेनशाही' हे आफताबी नावाच्या कवीचे फारसी काव्य आहे. अहमदनगरचा पहिला हुसेन निजामशहा व त्याची राणी खुंजा हुमायून (चांदबिबीची आई) यांची स्तुती आणि जानेवारी १५६५ मधील तालिकोटच्या लढाईचे वर्णन हा त्याचा विषय. ग. त्र्यं. कुलकर्णी व म. श्री. माटे यांनी इंग्रजी भाषांतरासह संपादिलेली त्याची आवृत्ती मंडळाने १९८७ मध्ये प्रसिद्ध केली. हस्तलिखितात आज १२ चित्रे आहेत. त्यांपैकी काही चित्रांत सुलतानाच्या शेजारी बसलेली राणीची आकृती पुसून वा रंगवून झाकलेली दिसते. हुसेनच्या मृत्यूनंतर खुंजा हुमायून अल्पवयीन मुर्तजाच्या नावे कारभार पाहत होती आणि १५६९ मध्ये तिला कैदेत टाकण्यात आले. तिची आकृती त्यानंतर नष्ट केली गेली असावी, असे अभ्यासक मानतात.

आता अशी कल्पना करावी की ही १२ चित्रे १२ घरांच्या भिंतींवर लागली आहेत. असे पान असलेल्या मालकाला त्यावरील डाग म्हणजे ओलीमुळे झालेली खराबी वाटली असती. एखाद्याने हौसेने तो दुरुस्तही करून घेतला असता. तोच डाग चित्रामागून चित्रात, एकाच स्त्रीच्या जागी दिसतो, तेव्हाच तो राजकीय कृती म्हणून वाचता येतो. शेजारचे काव्य तिची स्तुती करीत असताना चित्रातून ती नाहीशी झालेली असते. हा विरोध सुट्या पानात उरत नाही. निजामशाहीतील एका सत्ताधारी स्त्रीविषयीचा दुर्मिळ चित्रमय पुरावा केवळ शिवण शाबूत राहिल्यामुळे टिकला.

मुंबईलाही अखंड ग्रंथ जमविण्याची परंपरा आहे. इराणचा प्रवास केलेले पारशी विद्वान मुल्ला फिरोज (मृत्यू १८३०) यांच्या ग्रंथसंग्रहाची वर्णनात्मक सूची एडवर्ड रेहाटसेक यांनी १८७३ मध्ये मुंबईत प्रसिद्ध केली. हा संग्रह आज कामा प्राच्यविद्या संस्थेत आहे. रेहाटसेक हे विल्सन महाविद्यालयात गणित व लॅटिन शिकवीत असत, ही गोष्ट प्राध्यापक वाचकांनी ध्यानात घेण्याजोगी आहे.

बाजारातील पानांबाबत सावधगिरीचे आणखी एक कारण आहे. जुन्या, साध्या हस्तलिखिताच्या किंवा मुद्रांकित कागदाच्या पानावर अलीकडे काढलेले 'मुघल' चित्र पर्यटकांना सर्रास विकले जाते. कागद जुना, अक्षर जुने, चित्र मात्र कालचे. मजकूर वाचला की चित्राशी त्याचा संबंध नाही हे उघड होते. पण घेणाऱ्याला लिपी येत नाही, हेच विक्रेत्याचे भांडवल. रंग अक्षरांवर चढला आहे काय, हे भिंगातून पाहिले तरी बरेच समजते.

कायद्याची बाजू थोडक्यात अशी. पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ हा ५ एप्रिल १९७६ पासून अंमलात आला. ऐतिहासिक, वाङ्मयीन, शास्त्रीय वा कलात्मक मूल्य असलेले हस्तलिखित ७५ वर्षांचे झाले की ते पुरावस्तू ठरते. इतर वस्तूंसाठी ही मर्यादा १०० वर्षांची आहे. ते बाळगणे गुन्हा नाही, परंतु चित्रित हस्तलिखितांची नोंदणी आवश्यक आहे, व्यापारासाठी परवाना लागतो आणि खाजगी व्यक्तीस ते परदेशी पाठविता येत नाही.

पान कुराणाचे असल्यास प्रश्न अधिक नाजूक होतो. जीर्ण पाने कापडात गुंडाळून पुरण्याची अथवा वाहत्या पाण्यात सोडण्याची रीत मुस्लिम समाजात आहे आणि घरच्या मंडळींनी तसे ठरविले असल्यास त्यांच्याशी बोलताना अभ्यासकाने अधिकारवाणी वापरू नये. पुरण्यापूर्वी छायाचित्रे घेऊ द्याल का, एवढे विचारता येते. इतर पानांबाबत पहिले काम म्हणजे दोन्ही बाजूंची छायाचित्रे काढणे, सोबत मोजपट्टी ठेवणे आणि पान कोणत्या घरातून, कोणत्या पेटीतून, कोणत्या कागदांबरोबर मिळाले याची नोंद करणे. चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन तर मुळीच करू नये. आणि पेटीत आणखी पाने असतील, तर ती आहेत त्याच क्रमाने, जुन्या रुमालासकट उचलावीत.