स्केअरगार्डचे स्फटिक

पूर्व ग्रीनलंडच्या किनाऱ्यावर, कांगरलुसुआक फ्योर्डच्या मुखापाशी, गॅब्रो खडकाचा सुमारे ११ किलोमीटर लांब आणि ७ ते ८ किलोमीटर रुंद असा डोंगराळ टापू आहे. भूविज्ञानात तो स्केअरगार्ड अंतर्वेशन म्हणून ओळखला जातो. सुमारे ५.६ कोटी वर्षांपूर्वी, उत्तर अटलांटिक महासागर उघडू लागला त्या सुमारास, बेसाल्टी शिलारस इथल्या खडकांत शिरला, साचला आणि बाहेर न पडता खालीच हळूहळू थिजला. पुढे वरचे खडक झिजून गेले आणि सगळा टापू दक्षिणेकडे कलला. त्यामुळे उत्तरेकडून दक्षिणेकडे चालत गेले की तळाच्या थरांपासून वरच्या थरांपर्यंतचा क्रम पायांखालून जातो. शिलारस बहुधा एकदाच भरला आणि नंतर त्यात नवी भर फारशी पडली नाही. अशी निर्भेळ उदाहरणे दुर्मीळ असल्यानेच या जागेला एवढे महत्त्व आहे.

लॉरेन्स वेजर यांनी १९३० मध्ये एका ब्रिटिश मोहिमेत हे अंतर्वेशन ओळखले. वेजर गिर्यारोहकही होते. १९३३ मध्ये एव्हरेस्टवर प्राणवायूच्या नळकांड्यांशिवाय ते ८,५०० मीटरच्या वर पोहोचले होते. १९३५-३६ चा हिवाळा त्यांनी ग्रीनलंडमध्येच काढला. डब्ल्यू. ए. डीअर यांच्यासह केलेल्या त्या कामाचा वृत्तांत १९३९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि थरयुक्त अग्निज खडकांच्या अभ्यासाचा पाया ठरला.

शिलारस थंड होताना सगळी खनिजे एकदम तयार होत नाहीत. प्लॅजिओक्लेज हे फेल्डस्पार खनिज तापमान जास्त असताना कॅल्शियम अधिक घेते, तापमान उतरत गेले की सोडियम. ऑलिव्हीन आधी मॅग्नेशियम उचलते, मागून लोह. स्केअरगार्डच्या तळाकडून वर जाताना हे बदल पायरीपायरीने दिसतात. खालच्या भागात ऑलिव्हीन आहे, मधल्या भागात ते जवळजवळ नाहीसे होते आणि वरच्या भागात पुन्हा येते. पण आता ते लोहाने भरलेले असते आणि शेवटी तर त्यात मॅग्नेशियम नावालाच उरते. मॅग्नेटाइट आणि इल्मेनाइट खालच्या भागाच्या अखेरीस विपुल होतात, ॲपेटाइट बऱ्याच वर. उरलेला द्रव बराच काळ सिलिकेने नव्हे, तर लोहाने समृद्ध होत गेला, हे यातून दिसले. अशा द्रवाची वाटचाल कोणत्या दिशेने होते यावर नॉर्मन बोवेन आणि क्लॅरेन्स फेनर यांच्यात वाद होता; स्केअरगार्डचे माप फेनर यांच्या पारड्यात पडले.

एकेका स्फटिकाच्या आतही क्रम असतो. खडकाचा ०.०३ मिलिमीटर जाडीचा छेद घासून काचपट्टीवर बसवतात आणि ध्रुवित प्रकाशात सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. प्लॅजिओक्लेजच्या गाभ्यात कॅल्शियम अधिक आणि कडेला सोडियम अधिक, असे पट्टे त्यात दिसू शकतात. १९५० नंतर इलेक्ट्रॉनांच्या शलाकेने काही मायक्रोमीटर जागेचे रासायनिक पृथक्करण करणारी यंत्रे आली आणि पट्ट्यांना आकडे मिळाले. मात्र सगळी खनिजे सारखी विश्वासार्ह साक्ष देत नाहीत. प्लॅजिओक्लेजमध्ये कॅल्शियम-सोडियमची अदलाबदल व्हायची तर ॲल्युमिनियम आणि सिलिकॉनलाही जागा बदलावी लागते, म्हणून पट्टे टिकतात. गरम ऑलिव्हीनमध्ये लोह-मॅग्नेशियम सहज सरकते आणि जुनी नोंद पुसली जाते. ऑलिव्हीनच्या सध्याच्या घटनेवरून मूळ तापमान काढताना ही अडचण विसरता येत नाही.

थर कसे पडले, हा सर्वांत रंगलेला वाद. वेजर यांना ते नदीच्या गाळासारखे वाटले: स्फटिक जड, ते द्रवातून खाली बसले, प्रवाहांनी त्यांची प्रतवारी केली. चित्र मोहक होते आणि बहुतेकांना पटलेही. पण लोहसमृद्ध द्रवात प्लॅजिओक्लेज बुडतेच असे नाही. ते तरंगूही शकते. तरी तळाच्या थरांत ते भरपूर आहे. अलेक्झांडर मॅकबर्नी आणि रिचर्ड नॉइस यांनी १९७९ मध्ये मांडले की स्फटिक बव्हंशी तळावर आणि भिंतींवर जागच्या जागी वाढले. मात्र छतावरून सुटलेले मोठे ठोकळे थरांत रुतलेले आहेत, त्यांच्याखाली थर दबलेले दिसतात. म्हणजे वरून खाली पडणे पूर्णपणे नाकारता येत नाही. बसणे आणि जागेवर वाढणे या दोन्ही क्रियांना वाव देणारे स्पष्टीकरण आज अधिक पटण्यासारखे आहे.

दख्खनच्या लाव्हाखालीही शिलारसाचे असे साठे असणार, पण ते बहुतांशी झाकलेले आहेत. कसारा घाटातल्या काही प्रवाहांत सेंटिमीटरांत मोजावे लागणारे प्लॅजिओक्लेज सापडतात. एवढे मोठे स्फटिक उद्रेकापूर्वी खालीच वाढलेले असतात.

वय काढण्यासाठी झिरकॉन उपयोगी पडतो. या स्फटिकाच्या जाळीत युरेनियम सामावते, शिसे मात्र वाढीच्या वेळी जवळजवळ शिरत नाही. त्यामुळे आत सापडणारे शिसे मुख्यतः किरणोत्सारी क्षयातून आलेले असते. युरेनियम-२३८ निम्मे व्हायला सुमारे ४४७ कोटी वर्षे लागतात आणि युरेनियम-२३५ ला सुमारे ७० कोटी. दोन्ही घड्याळे एकच वय सांगत असतील तर ते ग्राह्य मानता येते. पण गॅब्रोत झिरकॉन उशिरा, इतर स्फटिकांच्या फटींत उरलेल्या द्रवातून तयार होतो. त्याचे वय हे त्या थरातला शेवटचा द्रव थिजण्याच्या सुमाराचे असते. शिलारस पहिल्यांदा आत शिरला तो क्षण त्याहून जुना.