बर्फावरची हॉकी आणि बायकांची एकी

हॉकी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे मैदान येते. पण कॅनडा हा फार थंड देश आहे. तिथे हिवाळ्यात तळी गोठतात. पाण्याचा दगड होतो म्हणा ना! त्या गोठलेल्या पाण्यावर तिथले लोक हॉकी खेळतात. तिला आइस हॉकी म्हणतात. आइस म्हणजे बर्फ.

या खेळात चेंडू नसतो. कडक रबराची चपटी चकती असते. ती तीन इंच रुंद आणि एक इंच जाड असते. खेळाडूंच्या बुटांखाली पोलादी पाते असते. त्यावर तोल सांभाळत ते बर्फावरून भरभर घसरत जातात आणि काठीने चकती गोलात मारतात. एका बाजूने सहा जण खेळतात. त्यांतला एक गोल राखतो.

हा खेळ पुरुषांचाच, असे पुष्कळांना वाटे. १९५५ सालची गोष्ट. टोरांटो शहरात ॲबी हॉफमन नावाची एक लहान मुलगी होती. तिला हॉकी खेळायची होती, पण मुलींसाठी सोय नव्हती. मग तिने 'ॲब' असे मुलाचे नाव लावले आणि ती मुलांच्या संघात शिरली. खेळली, आणि चांगली खेळली. पुढे एका स्पर्धेच्या वेळी जन्माचा दाखला पाहिला गेला आणि बिंग फुटलं! नंतर ॲबी धावण्याकडे वळली आणि चार ऑलिंपिकमध्ये धावली.

हळूहळू दिवस पालटले. १९९० मध्ये बायकांची पहिली जागतिक स्पर्धा कॅनडात झाली. १९९८ मध्ये हा खेळ बायकांसाठी ऑलिंपिकमध्येही आला. मानाची पदके मिळू लागली. पण पदकाने पोट भरते का?

पोट भरायचे तर लीग हवी. लीग म्हणजे काय? काही संघ एकत्र येतात. वेळापत्रक ठरते. त्याप्रमाणे प्रत्येक संघ महिनोन् महिने बाकीच्यांशी खेळतो. लोक तिकीट काढून बघायला येतात. त्या पैशातून खेळाडूंना पगार मिळावा, अशी अपेक्षा असते.

बायकांच्या लीग निघाल्या. फिनलंडमध्ये १९८२ पासून, स्वीडनमध्ये २००७ पासून. २००७ मध्येच कॅनडातही एक निघाली. पण तिथे पहिली दहा वर्षे पगारच नव्हता! पुष्कळ जणी दिवसा नोकरी करीत आणि रात्री सराव करीत. अमेरिकेत २०१५ मध्ये पगार देणारी लीग निघाली. दुसऱ्याच वर्षी, हंगाम चालू असताना, तिने पगार कापले. आणि २०१९ मध्ये कॅनडातली लीग बंदच पडली.

आता काय करायचे? मिळेल ते घेऊन खेळायचे? मे २०१९ मध्ये दोनशेहून अधिक खेळाडूंनी एक निश्चय केला. नीट पगार आणि नीट सोयी मिळेपर्यंत तिथल्या कोणत्याही लीगमध्ये खेळायचे नाही. त्याच वर्षी स्वीडनच्या राष्ट्रीय संघातल्या मुलींनीही मोबदल्यासाठी शिबिरावर बहिष्कार घातला.

हे सोपे नव्हते, बरं का! खेळाडूची उमेदीची वर्षे थोडी असतात. तरी त्यांतल्या पुष्कळ जणी ठाम राहिल्या. गावोगाव प्रदर्शनाचे सामने खेळून त्यांनी आपली बाजू लोकांपुढे मांडली. अशी चार वर्षे गेली.

२०२३ मध्ये एक धनवान मालक नवी लीग काढायला तयार झाला. तेव्हा खेळाडूंनी आधी आपली युनियन बांधली. मग लेखी करार केला. आधी कागद, मग खेळ! वर्षाला कमीत कमी ३५,००० डॉलर पगार ठरला. प्रत्येक संघात निदान सहा जणींना ८०,००० किंवा अधिक. तिकडच्या महागाईत ३५,००० डॉलर काही फार नाहीत. शिवाय जुनी अमेरिकन लीग विकत घेऊन बंद केली गेली. तिच्यातल्या खेळाडूंचे करार रद्द झाले. म्हणजे सगळेच गोड झाले, असे नाही.

पण १ जानेवारी २०२४ रोजी नव्या लीगचा पहिला सामना झाला. कुठे? ॲबीच्या टोरांटोत! सहा संघांनी सुरुवात झाली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये माँट्रियलच्या एका सामन्याला २१,१०५ माणसे आली. २०२५ मध्ये आणखी दोन संघांची भर पडली.

आपल्या देशातही हा खेळ आहे. लडाखच्या मुली गोठलेल्या तळ्यांवर तो शिकल्या. २०१६ मध्ये भारताचा महिला संघ पहिल्यांदा परदेशी खेळला. २०२५ मध्ये त्याने आशियाई स्पर्धेत कांस्यपदक मिळवले.

या गोष्टीतून आपण काय घ्यावे? आपण बर्फावर खेळणार नाही. पण शेतात, गिरणीत, दुसऱ्याच्या घरी आपण काम करतोच. एकटीने मागितले तर 'उद्या बघू' म्हणतात. सगळ्यांनी मिळून मागितले तर ऐकावे लागते. आणि जे ठरेल ते कागदावर उतरवून, स्वतः वाचून, मगच सही करावी. वाचायला शिकलो, ते यासाठीही.