जायला तीस, यायला वीस!

बारामतीजवळच्या कन्हेरीच्या रानात उभं राहून वर पाहिलंत, तर कधी ना कधी एखादं छोटं विमान घरघरत जाताना दिसेल. बारामतीच्या एमआयडीसीजवळ विमानतळ आहे आणि तिथे वैमानिक घडवणाऱ्या संस्था आहेत. सांगा बरं, असं विमान बारामतीहून पुण्याच्या लोहगाव विमानतळावर किती वेळात पोचेल?

आधी अंतर काढू. रस्त्याने बारामती ते पुणे जवळजवळ 100 किलोमीटर. पण रस्ता वळणं घेत, गावं जोडत जातो. विमान जातं सरळ. नकाशावर पाहा: बारामतीच्या विमानतळापासून लोहगाव पश्चिमेला सुमारे 70 किलोमीटर आणि उत्तरेला सुमारे 40 किलोमीटर. झाला की काटकोन त्रिकोण! आता पायथागोरसला हाक मारा. 70 चा वर्ग 4900, 40 चा वर्ग 1600, बेरीज 6500. त्याचं वर्गमूळ 80 हून जरासं जास्त. म्हणजे आकाशातून अंतर फक्त 80 किलोमीटर!

आणखी एक गंमत. बारामतीच्या धावपट्टीच्या एका टोकाला 11 आणि दुसऱ्या टोकाला 29 हे आकडे आहेत. ते दिशा सांगतात. उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे अंश मोजायचे आणि शेवटचं शून्य गाळायचं. 29 म्हणजे 290 अंश. लोहगाव आहे साधारण 300 अंशांवर. म्हणजे 29 च्या टोकाकडून धावत सुटलेलं विमान उडतं तेच जवळजवळ पुण्याकडे तोंड करून!

आता वेळ. सेस्ना 172 हे शिकाऊ वैमानिकांचं लाडकं विमान. त्याचा वेग हिशेबासाठी ताशी 200 किलोमीटर धरू. 80 किलोमीटरला लागली 24 मिनिटं.

मग ताशी 800 किलोमीटर वेगाचं जेट सहा मिनिटांत पोचेल? छे! मोठं विमान अलगद उतरतं. एक किलोमीटर खाली यायला त्याला साधारण 19 किलोमीटर पुढे जावं लागतं. दहा किलोमीटर उंचीवरून उतरायचं तर 190 किलोमीटर हवेत. आपलं अंतर त्याच्या निम्मंही नाही! इतक्या जवळच्या प्रवासात जेटला आपला वेग दाखवायला जागाच मिळत नाही.

आता येतो खरा खोडकर गडी, वारा. विमान हवेतून पुढे जातं आणि ती हवाच सरकत असते. समजा, पुण्याकडून ताशी 40 किलोमीटरचा वारा सुटलाय. जाताना तो समोरून येणार. जमिनीवरून मोजला तर विमानाचा वेग उरला 160. वेळ लागला 30 मिनिटं. येताना तोच वारा पाठीशी, वेग झाला 240. वेळ लागला 20 मिनिटं.

वारा नसता तर जाऊन-येऊन 48 मिनिटं लागली असती. आता लागली 50. जाताना अडवलं तेवढंच येताना ढकललं, तरी दोन मिनिटांचा तोटा! कारण वाऱ्याने अडवलं 30 मिनिटं, पण मदत केली 20 मिनिटंच. म्हणून वैमानिक निघण्यापूर्वी वाऱ्याची दिशा आणि वेग पाहतात आणि त्यानुसार इंधनाचा हिशेब करतात.

आता तुम्ही वही काढा. वाऱ्याचा वेग ताशी 100 किलोमीटर धरून जायचा-यायचा वेळ काढा. मग 200 धरून बघा, आणि पुण्याकडे निघालेलं विमान कुठे पोचतं ते वर्गातल्या सगळ्यांना विचारा!