पडद्यावरील चौकडी

सुट्टीच्या दिवशीं आमच्यांतील चौघे विद्यार्थी आपापल्या घरीं बसून एकच लढाई लढत असतात. दारांतून डोकावणाऱ्या वडीलमंडळींस ती नुसती धुमश्चक्री वाटते. म्हणून तींत काय चालतें, तें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ह्या भूमिकाखेळांचें मूळ कागद, पेन्सिल व फांसे ह्यांत आहे. १९७४ सालीं अमेरिकेंत 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ निघाला. त्यांत प्रत्येक खेळाडू एक पात्र घेई व त्याचें बळ, चापल्य, बुद्धि इत्यादि अंकांनीं मांडी. पुढें ही रीत यंत्रावर आली. १९८५ च्या 'गाँटलेट'मध्यें चौघे एकत्र लढूं लागले; १९९६ च्या 'डायाब्लो'त पायरी चढल्यावर मिळालेले गुण बळ, चापल्य, जादू व जीवनशक्ति ह्यांत खेळाडूनेंच वांटावयाचे असत. पुण्यांत तयार झालेल्या 'राजी' ह्या २०२० च्या खेळांत त्रिशूळ, धनुष्य व तलवार आहेत. पण तेथें नायिका एकटीच लढते.

खरी मेख गुणांच्या वांटणींत आहे. गुण मोजकेच, बळ वाढविलें तर जादू तोकडी पडते. म्हणून एकानें घाव सोसावे, दुसऱ्यानें दुरून बाण सोडावे, तिसऱ्यानें जखमा भराव्या. शत्रु हात उगारतो तो क्षण ओळखून बाजूस सरावें, आणि त्याचा वार फुकट गेला कीं सर्वांनीं मिळून तुटून पडावें. आमच्या चौकडींत एकदां चौघांनींही तलवारच वाढविली. जखमा भरणारा कोणीच नसल्यामुळें तीन वेळां धूळ चाखावी लागली!

फौंड्रींत असेंच नाहीं काय? एक सांचा करतो, एक भट्टी सांभाळतो, एक ओतीव माल घासून साफ करतो. एकाचें चुकलें तर सर्वांचे श्रम वायां जातात.

मात्र एक भेद विसरूं नये. पडद्यावर बळ एका क्षणांत वाढतें. मर्दानी खेळांतील दांडपट्टा हातीं बसण्यास पुष्कळ दिवस घाम गाळावा लागतो.

आमच्यांतील एकाचे वडील कागलच्या पंचतारांकित वसाहतींतून रात्रपाळी करून आले असतां आमच्या आरोळ्यांनीं त्यांची झोंप मोडली. पडद्यावर मित्राच्या जखमा भरणारे आम्हीं, घरांतील थकलेला माणूस मात्र आम्हांस दिसला नाहीं! तेव्हांपासून त्यांची झोंप होईपर्यंत खेळ बंद, असा नियम आम्हीं केला आहे. सहकार्य शिकावयाचें तर त्याचा आरंभ घरापासूनच व्हावा, हें बरें.